वरचं दार

कोड्यांचा एक गेम आहे, त्यात खेळणाऱ्यांना स्वतःच्या लेव्हल बनवून टाकता येतात. मी एकच टाकली आणि तिच्यापायी महिनाभर अनोळखी लोकांशी कचाकचा भांडलो.

लेव्हल साधी होती. आकाशातून दिसावा तसा नकाशा, मधून डावीकडून उजवीकडे वाहणारं पाणी, चार दारं. दारं बरोबर क्रमानं उघडली की पाणी ओसरतं आणि शेवटच्या खोलीत जाता येतं. ती खोली म्हणजे कोयनानगरच्या कॉलनीतलं आमचं स्वयंपाकघर. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटली, पुढे ती पाडलीही. कुणा परक्यानं ते स्वयंपाकघर एकदा बघावं, एवढ्यासाठी कुपवाडच्या कारखान्यातून सुटल्यावरच्या तीन महिन्यांच्या संध्याकाळी मी त्यात घातल्या.

पहिली कमेंट आली, "भंगार." दुसरी, "बनवणाऱ्याला मराठी येत नाही." सगळे एकाच सूचनेवर अडकत होते: वरचं दार आधी उघडा. ते स्क्रीनच्या वरच्या बाजूचं दार उघडायचे आणि बुडून मरायचे. माझ्या भावाला मात्र पहिल्याच झटक्यात जमलं होतं. "वर म्हंजे पानी येतंय तिकडं. ह्ये काय सांगायचं आसतंय व्हय?" तो म्हणाला होता. मलाही तसंच वाटत होतं. मग मी एकेकाला झोडपत सुटलो. नाचता येईना अंगण वाकडं, असं एकाला सुनावलं. एक गडी रोज बुडायचा आणि रोज शिव्या घालायचा. त्याला विचारलं, अक्कल गहाण ठेवलीस का? त्यानं उलट लिहिलं, "लेव्हल तुमच्या गावापुरतीच ठेवायची होती." ते मला झोंबलं.

कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर माण तालुक्यातला एकजण आहे. डबा खाताना त्याला सगळं दाखवलं, म्हटलं हा तरी आपली बाजू घेईल. तो हसायलाच लागला. "आमच्यात पानी टँकरनं येतंय गड्या. आमाला काय ठावं, वर कंचं न् खाली कंचं?"

लय राग आला त्याचा. तरी घरी जाऊन सूचना बदलली: डावीकडचं दार आधी उघडा.

दुसऱ्याच दिवशी तो रोज बुडणारा शेवटच्या खोलीत पोचला. त्याची कमेंट आली, "एवढं करून नुसतं स्वयंपाकघर. डब्यांपुढची दोरी ओढली तर काहीच होत नाही. बग आहे."

कोयनेला जमीन हादरायची, तेव्हा फळीवरचे डबे खाली येऊ नयेत म्हणून आई त्यांच्यापुढे आडवी सुतळी बांधायची. तिची गाठसुद्धा मी आठवून आठवून काढली होती. मी त्याला लिहिलं, ती ओढायची नसते.

"मग ठेवलीच कशाला?" त्यानं विचारलं.

तिथवर आलेला तो एकटाच परका माणूस. मी त्याला ब्लॉक करून टाकलं.