भरल्या पोटी घाट

माहूरला जाऊन गाडी स्वतःच्या चाकांवर नांदेडला परत आली तर ठेवायची, टेम्पोत चढून आली तर तो टेम्पो सरळ भंगारवाल्याकडे न्यायचा. ही अट नवऱ्याने घातली आणि मी रागाच्या भरात कबूल केली. राग आला कारण त्याने गाडीला खेळणं म्हटलं होतं.

आता दिसायला ती खेळणंच आहे. दोन दारं, पुढे दोन माणसं, मागे एखादी पिशवी, आणि आग्रहच केला तर एक सडपातळ नातेवाईक. विजेवरच्या गाड्या सगळीकडे दिसू लागल्या त्याच्या कितीतरी आधीची ती. एका डॉक्टरांच्या घराबाहेर धूळ खात पडली होती. सीटखालच्या जड, शिशाच्या बॅटऱ्या फुगून गेल्या होत्या. रेल्वेपुलाचा चढ तिला चढवत नव्हता. डॉक्टरांना जागा मोकळी हवी होती आणि मला ती आतून पाहायची होती, म्हणून ती आमच्या दारात आली.

माझं माहेर लातूरचं. वडील पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. काळी पडलेली तार सोडवून नवी गुंडाळायचं काम आमच्या ओसरीवर दिवसभर चालायचं. तेव्हापासून वस्तू आतून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. सासरी याला नाद म्हणतात. घरी मिक्सर उघडला की नाद, आणि मी शिकवते त्या शाळेत पोरांसमोर तोच उघडला की विज्ञान. गाडी भंगारात गेली असती तर मला तिचं वाईट वाटलंच असतं, पण खरी भीती वेगळी होती. पुढे जन्मभर मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की घरात माहूरचं नाव निघालं असतं.

इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारा आणि बाजूला ई-रिक्षा दुरुस्त करणारा एक दुकानदार माझ्या मदतीला होता. दर रविवारी आम्ही दोघं गाडी उघडून बसायचो. जुन्या बॅटऱ्या काढल्या तशी गाडी स्प्रिंगांवर टुणकन वर आली. त्यांच्या जागी लिथियमची नवी पेटी बसली आणि तरी निम्मी जागा उरली. डॅशबोर्डवरचा जुना काटा मात्र या बॅटरीपुढे कामातून गेला. तिचा विजेचा दाब शेवटपर्यंत फारसा उतरत नाही, त्यामुळे काटा कायम भरल्यासारखाच दाखवायचा. म्हणून टक्के दाखवणारा एक छोटा डिस्प्ले आम्ही चिकटवला.

पण मला वेड लावलं ते मोटर चालवणाऱ्या नव्या कंट्रोलरने. तो मालवाहू ई-रिक्षाचा होता. उतारावर पायडलवरचा पाय उचलला की चाकंच मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते. त्या ओढीने गाडी आपोआप मंदावते, ब्रेक फारसा लागत नाही. हे कळल्यावर मी गल्लीतल्या उतारावर इतक्या चकरा मारल्या की शेजारणीने काही हरवलंय का म्हणून विचारलं.

माहूरला निघालो तेव्हा चौकात ओळखीचं कोणी दिसलं की नवरा खाली वाकून चप्पल शोधायचा. हदगावला एका नातेवाइकांकडे जेवण होईतो गाडीलाही प्लग लावला. संध्याकाळी माहूरचा घाट ती हळू, पण न थांबता चढली. वर पोचलो तेव्हा डिस्प्लेवरचा आकडा पाहून माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने पाहिलाच नाही.

नवऱ्याच्या आत्याचं देवीच्या वाटेवर ओटीच्या सामानाचं दुकान आहे. खण, नारळ, बांगड्या. दुकानामागेच घर. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढून दिली. सकाळी ऐंशी टक्के झाल्यावर मी प्लग काढला. आधी घाट उतरायचा होता, त्या विजेसाठी बॅटरीत जागा ठेवायला हवी होती.

आत्या म्हणाली, "काढलीस काय गं? भरली का पूर्ण?"

"नाही आत्या, पण पुरे तेवढं."

"पुरे कसं? माझ्या दारातून पाहुणा अर्ध्या पोटी गेलेला न्हाई."

मी हसून सोडून दिलं. आम्ही दर्शन घेऊन, तांबूल तोंडात टाकून, सावकाश खाली आलो तर वायर पुन्हा खिडकीतून आलेली आणि डिस्प्लेवर शंभर. आत्याने बॉनेटला हळदकुंकूही लावलं होतं. ती इतकी खुशीत होती की माझ्याच्याने काही बोलवेना. एकदोन वळणांत होईल जागा, असं मी स्वतःला समजावलं.

पहिल्या उताराला पाय उचलला आणि ती ओळखीची ओढ आलीच नाही. गाडी सुटल्यासारखी धावायला लागली. ब्रेक लागत होता, पण सतत दाबून धरावा लागत होता. दुसऱ्या वळणापाशी ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला. मी गाडी कडेला घेतली, नवऱ्याने उतरून चाकापुढे दगड लावला आणि खिशातून फोन काढला. खालच्या गावात त्याच्या ओळखीचा टेम्पोवाला होता.

मी घाबरले होते. पण डोकं मात्र भलतीकडेच चाललं होतं. काल संध्याकाळपासून काहीच बदललं नव्हतं, फक्त पोट भरलं होतं. बॅटरीचा रखवाला म्हणावा असा एक सर्किट बोर्ड असतो. पेटी भरली की तो आत काही घेत नाही. वीज जायला जागा नाही, म्हणून ओढही नाही.

"अहो, बिघडलेलं काहीच नाही," मी म्हणाले. "जागा केली की झालं. वर जाऊ या."

"खाली जायाचं म्हणून वर?"

"चढावर खर्च होईल ना."

"तुझं डोकं ठिकाणावर हाय ना?"

"ते नंतर बघा. आकडा वाचत बसा."

तो फोनमध्ये "थांब जरा" म्हणाला. ब्रेक थंड झाल्यावर मी गाडी वळवली आणि आलो तोच घाट पुन्हा चढायला लागलो. नव्व्याण्णव, सत्त्याण्णव, पंच्याण्णव. तो आधी कंटाळून वाचत होता. वर एका रसवंतीपाशी वळसा घेतला आणि पुन्हा उताराला लागलो. मी पाय उचलला. ओढ आली. मागून कोणी पदर धरावा तशी गाडी थबकत थबकत चालू लागली.

"वाढून राहिला की हा," नवरा म्हणाला. मग डिस्प्लेवर वाकून, "अगं, तू तर रेसच देऊन नाही राहिली. मग कुठून येऊन राहिलं हे?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या उघडलेल्या वस्तूंबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी घाट संपेपर्यंत उत्तर देत होते. पायथ्याशी टेम्पोवाल्याचा फोन आला, यायचं का म्हणून. नवरा "नको" म्हणाला आणि परत डिस्प्लेकडे वळला.

हदगावला पुन्हा प्लग लागला आणि दिवे लागायच्या सुमारास गाडी आमच्या गल्लीत शिरली. नवऱ्याने दारात उभं राहूनच आत्याला फोन लावला, पोचल्याचं सांगितलं. शेजारी बाहेर आलेले होते, म्हणून आवाज जरा मोठा होता.

"पुढच्या वेळी तिला एवढं भरू नको, आत्या. घाटात ती आपली आपण भरते. हाव, उतारावर. आम्ही तसं बसवून घेतलंय ना."

आम्ही म्हणे. त्या गाडीसाठी याने एक पाना कधी हातात धरला नव्हता. एरवी मी तिथेच सगळ्यांसमोर तोंड उघडलं असतं. पण तो "पुढच्या वेळी" म्हणाला होता.