इंदूबाईच्या पदराखालची पिल्लं

हुडकेश्वरात आमच्या शेजारची इंदूबाई कोणालाच आवडत नसे. मलाही नाही. तोंड फाटकं, आणि गोड बोलणं फक्त सशांशी. नवरा कन्हानच्या खाणीवर. त्यानं आणलेल्या एका जोडीचे दोन वर्षांत अंगणभर ससे झाले. सकाळी ती बांधावरची हरळी कापून आणायची आणि दव सुकेपर्यंत पसरून ठेवायची. ओल्या गवतानं सशाचं पोट फुगतं म्हणे. आम्ही हळदीकुंकवाला बोलावलं तर मात्र बाईला वेळ नसायचा.

अंगण सामाईक. तिची धाकटी जाऊ रुख्मिणी लेंड्या झाडून वैतागलेली. दोघींचं बोलणं बंद होतं. वर्षातून एकदाच तोंड उघडायच्या, महालक्ष्म्या येताना. घरची रीतच तशी. दोघी जावांनी एकेक मुखवटा घेऊन तुळशीपासून आत यायचं, उंबऱ्यावर धाकटीनं विचारायचं, थोरलीनं उत्तर द्यायचं.

चौऱ्याहत्तर साली त्याच दिवशी दुपारी इंदूबाई केवडा आणायला गेली होती. रुख्मिणीला ओसरीवरच्या खोक्यात पांढऱ्या केसांचा ढीग दिसला. देवी यायच्या घरात केस! तिनं तो सुपात भरून उकिरड्यावर टाकला. सशाची मादी विताना आपल्याच छातीचे केस उपटून पिल्लांना अंथरते, आणि पाजायला दिवसातून एखाद्या वेळीच जवळ येते, हे तिला कुठून ठाऊक असणार? केसांखाली पिल्लं होती. उघडी, डोळे मिटलेली.

इंदूबाई परत आली, रिकामं खोकं पाहिलं आणि केवडा टाकून उकिरड्याकडे धावली.

"रुख्मिणे, तू तं लेकुरवाळी ना वं? हात कसा उचलला तुहा?"

"मले वाटलं उंदरानं घर केलं! जा, आंघोळ करून या आधी."

"आंघोळ करत बसू तं हे गारठून मरतीन."

"वहिनी, मुहूर्त चालला जी!" रुख्मिणीचा नवरा देवराव दारातून ओरडला.

इंदूबाईनं पिल्लं केसांसकट पोटाशी धरली, पदर घट्ट खोचला, हात धुतले आणि मुखवटा उचलला. मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. पदराखाली काहीतरी वळवळताना मला दिसत होतं. रुख्मिणीलाही दिसलं असणार, पण विचारल्याशिवाय सुटका नव्हती.

"महालक्ष्मी आली. कशाच्या पावलानं आली?"

दरवर्षीचं उत्तर 'सोन्याच्या पावलानं'.

"उकिरड्यावरून आली," इंदूबाई म्हणाली. "लेकरं पोटाशी धरून आली."

"इटाळ केला हो इनं! देवीले इटाळ केला!" रुख्मिणी ओरडली.

"देवीपुढं मातीचे लेकरं मांडतेस. जित्ते काहून नाही चालत वं?"

इंदूबाई उंबरा ओलांडून आत गेली. तिनं मुखवटा जागेवर ठेवला आणि आरतीला न थांबता अंगणात गेली. पिल्लांना मादीच्याच केसांनी चोळलं, माणसाचा वास जावा म्हणून. मादीनं आधी लाथ मारली. इंदूबाईनं तिला शिव्या घालत मांडीवर दाबून धरलं, तेव्हा एकेक पिल्लू आचळाला लागलं. दोन आधीच गेली होती, बाकीची जगली. मी प्रसाद घेऊन गेले, तर मान वर न करता म्हणाली, "तिलेच नेऊन दे."

दसऱ्यानंतर अंगणात भिंत आली. मुखवटे रुख्मिणीकडे गेले, ससे इंदूबाईकडे.

पुढच्या वर्षी दुसरा मुखवटा धरायला रुख्मिणीनं मला बोलावलं. देवीचं काम, नाही कसं म्हणणार? भिंतीपलीकडे इंदूबाई सशांना हाका मारत होती, मुद्दाम मोठमोठ्यानं. उंबऱ्यावर रुख्मिणीनं विचारलं. माझ्या तोंडातून 'सोन्याच्या पावलानं' निघालं ते जेमतेम.

"जोरानं म्हण वं," रुख्मिणी फिसकारली. "तिले ऐकू जाऊ दे."