रिकाम्या खोलीची शांतता

नव्या रंगाचा वास आला की मला आखातातल्या अल नहदा वस्तीतला तो रिकामा फ्लॅट आठवतो. फ्लॅटच्या जाहिरातीचं शूटिंग होतं. दिग्दर्शक एक थकलेले हंगेरियन गृहस्थ, आणि साउंड माझ्याकडे. काम संपलं की रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवायची, पुढे आवाज जोडताना लागते म्हणून, ही आमची पद्धत. "यल्ला, यल्ला, चला" करत मी सगळ्यांना लिफ्टपाशी पिटाळलं, एसी बंद केला. म्हातारा दिग्दर्शक मात्र हलेना. भर दुपारी घामाने निथळत आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो, तरी हेडफोनमध्ये कुणा एकाचा संथ श्वास स्पष्ट ऐकू येत होता. रेकॉर्डर बंद करून मी म्हणालो, "सर, आत कुणीतरी आहे." "माझी बायको," ते सहज म्हणाले. "बुडापेस्टमधल्या पहिल्या सिनेमापासून साउंड तिचाच. गेली, पण शांतता ऐकायला येते." परवा ते वारल्याचं कळलं. आज घरात रंगकाम चालू आहे, त्या वासाने राहवेना. ते रेकॉर्डिंग शोधलं आणि काही न सांगता हेडफोन लेकीला दिले. तिने डोळे मिटून ऐकलं. "बाबा, देअर आर टू पीपल ब्रीदिंग."