काकीची विहीर

चतुर्थीच्या आधी आम्ही लाटंबार्शातलं घर रंगवून घेतलं. रंगारी गेल्यावर मागच्या पडवीत भिंतींच्या पांढऱ्या रंगाचा एक डबा, खिडक्यांच्या हिरव्या ऑइलपेंटचा अर्धा डबा आणि ब्रश धुतलेल्या टर्पेंटाइनची बादली उरली. कचरा न्यायला येणारी बाई ओले डबे घेत नव्हती. पाहुणे तर दोन दिवसांवर आलेले. मी केळींच्या मागे, कुंपणाला लागून एक खड्डा खणला, हिरवा रंग आणि टर्पेंटाइन त्यात ओतलं आणि वर माती लोटली. पांढऱ्या डब्यापर्यंत येता येता कंटाळा आला, तो तसाच राहिला.

कुंपणापलीकडे शेजारच्या काकीची विहीर होती. काकी एकटी राहायची. तिची मुलगी लग्न होऊन फोंड्याला गेलेली. गावात नळ आला तरी काकी विहिरीचंच पाणी प्यायची. नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणायची.

त्यानंतर आठ दिवस पाऊस पडत राहिला. एका सकाळी काकी कुंपणाशी तांब्या घेऊन उभी होती.

"बाबा, हें पाणी वास घेवन पळय. माका रॉकेलसारको वास येता."

मी तांब्या नाकाशी नेला. वास टर्पेंटाइनचा होता. मला त्याच क्षणी कळलं.

"पावसाचं गढूळ पाणी असेल, काकी. जाईल दोन दिवसांत," मी म्हणालो.

ती गेली आणि ते पाणी उकळून पीत राहिली. मला ते पाच दिवसांनी कळलं, तेव्हा ती पोट धरून ओसरीवर बसली होती. मी तिला डिचोलीच्या इस्पितळात नेलं. परत येताना रिक्षात तिला सगळं सांगितलं.

"त्या दिसाच सांगपाचें न्हय रे?" त्याच दिवशी सांगायला हवं होतं, एवढंच तिचं म्हणणं.

मी पंप लावून विहीर दोनदा उपसली, खड्ड्यातली माती पोत्यांत भरून काढली. वास कमी झाला, पण गेला नाही. पाणी तपासून आलं, ते पिण्यालायक नव्हतं. महिन्याभरात मुलगी येऊन काकीला फोंड्याला घेऊन गेली. जाताना मुलगी माझ्याशी बोलली नाही.

मातीची पोती आणि पांढरा डबा यांचं काय करायचं, हे विचारायला मी पंचायतीत गेलो आणि खड्ड्यात काय काय ओतलं तेही सांगितलं. कारकून शांतपणे म्हणाला, "भिंतीच्या रंगात लाकडाचा भुसा कालवा, उघडा ठेवा, सुकून दगड झाला की द्या. ऑइलपेंट, टर्पेंटाइन असलं काही असेल तर झाकण घट्ट लावून ठेवायचं, ते आम्ही वेगळं पाठवतो. ती पोतीही आणून द्या." मग त्याने विचारलं, "हिरवा किती होता?"

"अर्धा डबा."

"शाळेचं फाटक गंजलंय. तेवढ्यात झालं असतं."

मी पोती पोचवली. भुसा कालवलेला पांढरा रंग सुकायला अकरा दिवस लागले. रोज सकाळी मी काठीने तो टोचून बघायचो.

काकी पुढच्या चतुर्थीला आली नाही. मी फोंड्याला दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला तिने मला चहा दिला, गावातल्या सगळ्यांची चौकशी केली, पण परत कधी येणार ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.