देवक विचारलं तेव्हा

चौथीनंतर शाळा सुटली. पुढं काही वर्षांनी साताऱ्याकडचं गाव सोडून मी मोगलाईत, जालन्याला आलो आणि कापसाच्या जीनमध्ये लागलो. मुकादमांनी ठेवून घेतलं, त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दोन वेळची भाकरी घातली. त्या दोघांचे उपकार फिटायचे नाहीत.

एका दुपारी माझ्या हाताखालच्या यंत्राचा पट्टा तुटला. "जुना झाल्ता," मुकादम एवढंच म्हणाले. पण मी धरूनच चाललो, आता आपल्याला काढणार. काढलं तर जायचं कुठं? गावी परतायला तोंड नव्हतं.

एकदा मनानं घेतलं, की जे दिसेल ते त्याच बाजूचं. दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाले, "यंत्रापाशी जाऊ नको, चार दिवस सरकी भर." झालं, सुरुवात! काकूंनी भाकरीवर तूप जास्त सोडलं. निघणाऱ्याला घालतात तसं. मग केदारखेड्याहून दोन पागोटेवाले आले आणि मला खालवर न्याहाळत बसले.

"ते पोतं उचल बरं," एक म्हणाला.

उचललं. वाटलं, माझ्या जागी यायचाय त्याला काम किती पडेल, हे बघताहेत.

"देवक काय तुमचं?"

"पंचपल्लव."

"मंग बराबर." दोघांनी माना हलवल्या.

सोयरिकीखेरीज देवक कोण विचारतं? पण मला वाटलं, पट्ट्याचे पैसे न भरता पळून गेलो तर शोधता यावं म्हणून ठावठिकाणा विचारताहेत.

संध्याकाळी मीच वळकटी बांधली. काकू दारात आडव्या आल्या.

"कुठं निघालास रे?"

"काढायच्या आधी आपणच जातो."

"कोण काढून राह्यलंय तुला?"

मागून मुकादम हसत आले. "अरे येड्या, माझ्या भाचीसाठी बघायला आल्ते ते. तिचा बाप अन् चुलता. यंत्रात तुझं बोट गेलं असतं, तर त्यान्ला काय माझं दाखवलं असतं?"

"आणि पट्टा?"

"कवाच बदलला."

"मग मी कामावर राहतो ना?"

"ऐका!" काकूंनी कपाळावर हात मारला. "पोरगी कशी हाय ते इचारत न्हाई, काम इचारतोय!"

मी वळकटी टाकून उंबऱ्यावर बसलो. छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्या आनंदात ते जे जे बोलत गेले त्याला मी हो हो म्हणत गेलो. आपलं लग्न ठरलं, हे मला सकाळी दात घासताना उमगलं.