सिल्वेस्टरजवळ कोण होतं

नाताळ होऊन पंधरा दिवस झाले असतील. सिल्वेस्टर कल्याणच्या बंदरात मीठ उतरवून ठाण्याला परतला तो तापानं फणफणलेलाच. होडीतून उतरताना त्याचा तोल गेला. बायकोनं, क्लेमेंटिनानं, त्याला काखेत हात घालून सावरलं आणि गाठ तिच्या हाताला लागली. साल अठराशे सत्त्याण्णव. गाठ म्हणजे काय, हे खाडीकाठी कोणाला सांगावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला प्लेगच्या इस्पितळात नेलं. इस्पितळ म्हणजे माळावर कारवीच्या कुडांची एक लांबलचक झोपडी. घरच्यांना आत सोडत नसत. क्लेमेंटिना आणि तिची सोळा वर्षांची लेक जॉर्जिना बाहेर चिंचेखाली बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. देवळातले म्हातारे पाद्री स्वतःच आजारी होते, त्यामुळे मरणाऱ्याच्या कपाळाला लावायचं शेवटचं तेल लागलं नाही, की मातीच्या वेळी कोणी प्रार्थना म्हटली नाही.

नवरा गेला याहून तो एकटा गेला, हे क्लेमेंटिनाला जास्त खात होतं. गाव रिकामं करून सगळे शेतात झोपड्या बांधून राहिले होते. संध्याकाळी बायका एकत्र बसून जपमाळ म्हणत. क्लेमेंटिनाही बसे. पण मरियेला मरणाच्या वेळी जवळ राहा म्हणून मागणं मागायची जागा आली, की तिची जीभ अडे.

"माझ्या माणसाजवळ कोण राहिलं?" एकदा ती मध्येच उठून म्हणाली. नंतर ती जपमाळेला बसलीच नाही.

फाल्गुनात इस्पितळात बाया हव्यात असा निरोप आला. आजारी बायका पुरुषांना अंगाला हात लावू देत नव्हत्या. क्लेमेंटिना जाते म्हणाली.

"आई, बाबा तिथंच गेले," जॉर्जिना म्हणाली. "आता तूही?"

"तो कुठं पडलेला, ते मला बघायचंय."

लेकीला नणंदेकडे ठेवून ती गेली. चौथ्या दिवशी पाणी भरताना तिथला एक वॉर्डबॉय तिच्याजवळ आला. विठ्ठल त्याचं नाव, घाटावरचा मराठा, चाळिशीचा. जरा घुटमळून त्यानं विचारलं, "मिठाच्या होडीवरच्या सिल्वेस्टरची तुम्ही कोण?"

तिनं घागर खाली ठेवली.

"शेवटी शुद्धीवर होता," विठ्ठल म्हणाला. "तुमच्या लोकांची प्रार्थना म्हण म्हणाला. मला कुठली येणार? मग तो एकेक शब्द सांगायचा, मी मागून म्हणायचो. चुकलो की पुन्हा सांगायचा. पुढं त्याचा आवाज बसला. मला पहिले दोन शब्दच ध्यानात राहिलेले. तेच म्हणत बसलो, त्याचा हात धरून. बाई, काही चुकलं असेल तर माफ करा."

"कोणते शब्द?"

"नमो मरिया," विठ्ठलनं घाटावरच्या हेलात म्हटलं.

क्लेमेंटिना तिथंच ओल्या जमिनीवर बसली. सिल्वेस्टर गेल्यापासून ती रडली नव्हती. आता रडली, आणि रडता रडता तिनं सगळी प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली. विठ्ठल घागर भरून आत घेऊन गेला.

एवढ्यानं तिचं दुःख सरलं नाही. पुढच्या दोन महिन्यांत तिच्या हातावर अकरा बायका गेल्या, त्यातली एक तर जॉर्जिनाच्या वयाची. त्या दिवशी देवाला तिनं नको ते ऐकवलं, कुडाला डोकं टेकून. पण मरणाऱ्या कोणालाही तिनं एकटं सोडलं नाही. ख्रिस्ती असली तर ती प्रार्थना म्हणे. हिंदू असली तर कानाशी वाकून विचारी, "तुमच्या देवाचं नाव सांगा, मी घेते." आणि ती जे नाव सांगेल ते घेत बसे.

पावसाळ्याच्या तोंडावर साथ ओसरली आणि इस्पितळ मोडलं. क्लेमेंटिना लेकीला घेऊन घरी परतली. सिल्वेस्टरची होडी पुढं दिराच्या हाती गेली. पण जिथं त्याला सावरताना गाठ हाताला लागली होती, त्या बंदरावर ती पुन्हा कधी उतरली नाही.