वैभववाडीचा माका

साल्वादोर लोबो एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर कुक होता. नऊ महिने दर्यावर आणि तीन महिने घरी, हाच त्याचा संसार. साठाव्या वर्षी त्याने जहाजावरून उतरण्याची शेवटची सही केली आणि मालवणजवळच्या कट्टा गावाच्या अलीकडे आमच्या वाडीत कायमचा राहायला आला. आता बायकोबरोबर निवांत बसायचं, दुपारी चार पदार्थ रांधून तिला खाऊ घालायचे, असं त्याने ठरवलं होतं. जहाजावरच्या लोकांनाही तो तेच सांगून आला होता.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी तो चहा घेऊन मागच्या दारी गेला. विहिरीपलीकडे इमेल्डा गुडघ्यांवर बसली होती. शेजारी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली कसली तरी काडी घेऊन सत्यवान गावडे उकिडवा बसला होता. दोघं मातीत डोकं घालून बोलत होती आणि इमेल्डा हसत होती. ते हसू साल्वादोरच्या ओळखीचं नव्हतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, तरी नव्हतं. तो चहा घेऊन तसाच आत गेला.

मग त्याने तिला विचारलं, एवढं काय बोलता? ती म्हणाली, "झाडांचा बोलतंव आमी. तुका कंटाळो येतलो."

झाडं म्हणजे पिवळा माका. आमच्या मालवणीत 'मला' म्हणायचं तरी 'माका'च, पण हे रोपाचं नाव. आमच्याकडे शेताच्या बांधावर, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला तो आपोआप पसरतो. जमिनीलगत सरपटणाऱ्या काड्या, पेरापेराला मुळं, आणि वर उभ्या देठावर रुपयाएवढं पिवळंधमक फूल. सूर्यफूल लहान करून ठेवावं तसं. एकदा लागला की वर्षानुवर्षं जात नाही. बायका त्याचा पाला खोबरेल तेलात उकळून केसांना लावतात. त्यापलीकडे त्याच्याकडे कुणी बघत नाही. इमेल्डानेही तेलासाठीच पहिली काडी आणली होती. साल्वादोर तेव्हा ब्राझीलच्या वाटेवर होता, मुलगा जोनाथन चार वर्षांचा होता आणि सासू अंथरुणाला खिळली होती. पाणी घालता घालता तिच्या लक्षात आलं की सगळी फुलं सारखी नाहीत. एका काडीला पाकळ्या रुंद येतात, दुसरीची पानं काळपट असतात. तिने त्या वेगळ्या लावल्या. चिऱ्यांचे तुकडे मांडून वाफे केले.

सत्यवान शेजारच्या घरातला. एसटीत कंडक्टर, मालवणहून कधी वैभववाडीच्या गाडीवर, कधी बांद्याच्या. एकदा त्याने कुंपणावरून वाफे पाहिले आणि सहज म्हणाला की बांद्याजवळ गाडी थांबते तिथल्या गटाराकाठी याहून मोठं फूल येतं. इमेल्डा म्हणाली, मग घेऊन या. त्याने आणलं. तेव्हापासून वीस वर्षं त्याच्या तिकिटांच्या पेटीशेजारच्या पिशवीतून काड्या येत राहिल्या. इमेल्डा त्यांना गावांचीच नावं द्यायची. बांद्याचा माका मोठ्या फुलाचा. ओरोसचा बुटका. आणि सगळ्यांत देखणा वैभववाडीचा. त्याचं फूल लोण्यासारखं फिकट, आणि पाकळ्यांच्या एका ओळीऐवजी दोन. तसा दुसरा कुणी कुठे पाहिला नव्हता.

साल्वादोरला हे सगळं हळूहळू कळलं आणि जसजसं कळलं तसतसा तो जळत गेला. सत्यवान गैर माणूस नाही, हे त्याला माहीत होतं. इमेल्डावर तर संशय घ्यायचा विचारही त्याच्या मनाला शिवला नाही. हे त्याने मला स्वतः सांगितलं आहे. "तसला काय नव्हता रे," तो म्हणाला. "तसला आसता तर भांडाक तरी मेळला आसता." त्याची जळजळ वेगळी होती. तो घरी नसताना या घरात काहीतरी उगवलं, वाढलं, आणि त्यात त्याचा हात कुठेच नव्हता. आता तो कायमचा आला तरी त्यात त्याला जागा नव्हती. सत्यवान गुरुवारी येणार म्हटलं की इमेल्डा बुधवारीच वाफे निंदून ठेवायची. साल्वादोरने मेहनतीने केलेली कोंबडीची शाकुती ती जेवायची, छान झालीय म्हणायची, आणि ताट धुऊन मागच्या दारी जायची.

मग त्याला अमेरिकेतलं एक फूल आठवलं. तिथल्या एका बंदरात खलाशांच्या विश्रामगृहापुढे छातीएवढी उंच पिवळी झाडं त्याने पाहिली होती. अगदी सूर्यफुलासारखी, पण दरवर्षी त्याच मुळातून फुटणारी. तिथल्या म्हाताऱ्या बाईने त्याला सांगितलं होतं की हे मूळचं आमच्या माळावरचं रानफूल, आणि बागेसाठी लोकांनी त्यातूनच निवडून निवडून नाना जाती काढल्या. टोरांटोहून जोनाथन ऑगस्टमध्ये सुट्टीवर आला तेव्हा साल्वादोरने त्याच्याकडून तीन जातींचं बी मागवून घेतलं. एक दुहेरी पाकळ्यांची, एक लालसर देठाची आणि एक जिच्या पानांवर पांढऱ्या शिरांची जाळी होती.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात त्याने बी पेरलं. जहाजावर पाव मळायचा त्याच काळजीने. माती चाळली, शेणखत मिसळलं, रोपांवर दुपारची सावली धरली. देठांवर तांबड्या माव्याची कीड चढली तेव्हा एकेक पान बोटांनी पुसलं. इमेल्डा कौतुकाने बघायची, कधी पाणी घालायची, पण त्याने तिला मदतीला हाक मारली नाही. हे सगळं एकट्याने करून तिच्यासमोर उभं करायचं होतं.

जानेवारीच्या शेवटी झाडं फुलली आणि वाडी बघायला लोटली. घरापुढे नारिंगी-पिवळ्या फुलांची भिंतच उभी राहिली. कट्ट्याच्या बाजाराहून येणाऱ्या बायका थांबून फोटो काढायच्या. प्रार्थनेनंतर पाद्रीबाब मुद्दाम येऊन गेले. साल्वादोर इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभा राहायचा.

सत्यवानही आला. त्याने प्रत्येक झाड वाकून पाहिलं, पान उलटं करून पाहिलं, मग म्हणाला, "बरी आसत झाडां. पण आपल्या पावसात ही टिकूची नाय. मे महिन्यात दोन-चार गड्डे काढून पडवीत सुके ठेय."

"माझी झाडां माका कळतत," साल्वादोर म्हणाला. जळतोय, त्याला वाटलं. जळू दे.

तेवढ्यात इमेल्डा बाहेर आली. नवऱ्याच्या फुलांकडे बघून छान हसली आणि सत्यवानाला म्हणाली, जरा मागे या, वैभववाडीच्या माक्याला नवी काडी फुटलीय. दोघं विहिरीकडे निघून गेली. साल्वादोर त्या पिवळ्या भिंतीपुढे एकटा राहिला. ज्या एका माणसासाठी ती उभी केली होती, ते एका फिकट रुपयाएवढ्या फुलाकडे गेलं होतं.

एप्रिलमध्ये इमेल्डा दोन दिवसांसाठी बांद्याला बहिणीकडे गेली. वाफ्यांना पाणी घालायचं काम साल्वादोरवर होतं. पहिल्या सकाळी त्याने ते नीट घातलं. दुसऱ्या सकाळी बादली ठेवली, फावडं घेतलं आणि वैभववाडीचा माका मुळासकट काढला. एकूण एक काडी. पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकून ढीग पेटवला. त्या वेळी रागही आला नव्हता, असं तो सांगतो. डोकं अगदी शांत होतं. नंतर हातपाय धुऊन त्याने मासे साफ केले.

इमेल्डा आली तेव्हा त्याने सांगितलं की रानडुकरांनी उकरलं. ती त्या वाफ्याशी बराच वेळ उभी राहिली. कपडे बदलून तिने बांद्याहून आणलेली काजूगरांची पिशवी त्याच्या हातात दिली.

सत्यवानाला कळलं तेव्हा तो म्हणाला, एवढंच ना, दुसरी काडी आणतो. त्या वर्षी तोही निवृत्त झाला होता. स्वतःच्या खिशातून तिकीट काढून तो वैभववाडीला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. रस्ता रुंद झाला होता आणि जिथून त्याने ती काडी काढली होती तो वहाळाचा काठ भराव घालून बांधून काढलेला होता. तो पुन्हा गेला. स्टेशनच्या मागचे मळे, पुढचे दोन वहाळ पालथे घातले. माका भरपूर होता, पण सगळा साधा. तिसऱ्यांदा जाईन म्हणाला.

आणि मग पाऊस लागला. जुलैच्या मध्यापर्यंत साल्वादोरची झाडं बुडापासून काळी पडली. ओढलं की देठ हातात यायचा आणि खाली चिखलासारखं मूळ. एकही गड्डा त्याने काढून ठेवला नव्हता. वाईट कशाचं वाटलं, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, झाडांचं नाही वाटलं. सत्यवान पुन्हा पुन्हा वैभववाडीला जातो आणि आपण पडवीत बसून त्याला काडी सापडू नये म्हणतो, याची शिसारी आली.

एका दुपारी पाऊस थांबलेला पाहून तो सत्यवानाच्या घरी निघाला. खरं ते सांगून टाकायचं होतं. सत्यवान घरी नव्हता. त्याची बायको आनंदी पडवीत आमसुलं निवडत बसली होती. बसा म्हणाली. बसल्यावर साल्वादोरची नजर अंगणावर गेली. तुळस होती, अबोली होती, कढीपत्ता होता. माक्याची एक काडी नव्हती. वीस वर्षं माका घेऊन येणाऱ्या माणसाच्या अंगणात माका नव्हता, आणि हे आजवर त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने ते बोलून दाखवलं. आनंदीने मान वर केली नाही.

"सत्तावीस वर्सां ह्या घरात आसंय मी," ती म्हणाली. "पिशवी माझ्यासमोरसून जाय. माका एक काडी कधी दिली नाय."

"तुमी मागितलास नाय?"

"मागून मेळतला तेची काय किंमत?" मग ती म्हणाली, "इमेल्डाचो राग नाय माका. ती बरी बाय. पण पयली दोन-तीन वर्सां मी रडलंय. तुमी दर्यार होतास, तुमका ता दिसूक नाय. माका रोज दिसा."

आपल्यासारखंच जळणारं माणूस कुंपणापलीकडे इतकी वर्षं बसलं होतं आणि त्याने कुणाचं काही उपटलं नव्हतं. त्याने आनंदीला सगळं सांगितलं, फावड्यापासून ढिगापर्यंत. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली की हे मला नाही, तिला सांगा.

त्याने त्याच संध्याकाळी इमेल्डाला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती, थापत राहिली.

"माका पयल्याच दिवशी कळला," ती म्हणाली. "डुक्कर कधी फावड्यान खणता?"

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"तू सांगतंस काय ता बघत होतंय." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पोरग्याक वाढयलंय, तुझ्या आवशीक बघितलंय, घर सांभाळलंय. ता सगळा तुमचा होता. माझी म्हणान एकच वस्तू होती, साल्वादोर."

यानंतर ती पावसाळा संपेपर्यंत त्याच्याशी कामापुरतं बोलली. सत्यवानाला त्याने स्वतः जाऊन सांगितलं, तेव्हा त्याने एवढंच विचारलं की जाळण्याआधी एखादी काडी बाजूला तरी पडली होती का. नव्हती पडली. वैभववाडीचा माका पुन्हा कुणाला सापडलेला नाही.

आता सत्यवान पुन्हा गुरुवारी येतो. इमेल्डा बोलते, हसते. साल्वादोरही तिथे बसतो, आणि अजून जळतोस का विचारलं तर हो म्हणतो. कमी झालंय असंही म्हणत नाही.

गेल्या वर्षी पाऊस सरताना त्याने इमेल्डाला विचारून बांद्याच्या माक्याच्या चार काड्या घेतल्या आणि आनंदीकडे नेल्या. तिने आधी नको म्हटलं. मग नळाजवळची ओली जागा दाखवली. त्याने वाफा केला, तिने चिरे लावले. सत्यवान तेव्हा दोन महिन्यांसाठी मुलाकडे मुंबईला गेला होता. तो परतायच्या आदल्या सकाळी साल्वादोर सहज डोकावला तर मोठं, भरलेलं पहिलं फूल उघडलं होतं आणि आनंदी त्याच्यासमोर पाटावर बसून होती. उद्या सत्यवान खूश होईल, असं तो म्हणाला. आनंदीने आपल्या पदराची सावली त्या फुलावर धरली.

"हेंका इतक्यात सांगू नका," ती म्हणाली. "दोन दिवस माझाच ऱ्हवांदे."